लिहून देणार की लिहून घेणार? करारावर सही करायच्या आधी आपण त्यात कोण आहे ते ओळखा

आपल्याकडचा कुठलाही जुना दस्त काढून बघा, वरच्या बाजूला दोन नावं असतात, एक लिहून घेणार (ज्याला कागदानं हक्क मिळतो तो) आणि एक लिहून देणार (जो स्वतःला बांधून घेतो तो). मी गेली अकरा वर्षं कोल्हापूरच्या कसबा बावड्यात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात दस्त टाईप करतोय. मी स्वतः वकील नाही, पण रोज समोर येऊन बसणारा माणूस बघतोय, त्यावरून सांगतो, बहुतेक जणांना रक्कम तोंडपाठ असते आणि "तुम्ही यात कोण?" असं विचारलं की गप्प होतात. "मी सही करणार की ओ" एवढंच उत्तर. अहो, सही साक्षीदार पण करतो आणि जामीनदार पण करतो, पण उद्या भांडण लागलं तर एकाला कोर्टात येऊन फक्त "होय, सही माझ्यासमोर झाली" एवढं सांगायचं असतं आणि दुसऱ्याच्या घरावर जप्ती येते. कागद तोच, पेन तेच.

म्हणून पहिल्यांदाच करार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. समजा तुम्ही शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक सीएनसी मशीन टाकली आहे आणि एका फाउंड्रीचं (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्याचं) मशिनिंगचं जॉबवर्क घेताय, कास्टिंग (ओतलेला कच्चा पार्ट) त्यांचं, काम तुमचं. तुमचा धंदा वेगळा असेल, हुपरीत चांदीचा असेल, इचलकरंजीत खर्चीवर (मजुरीवर) माग चालवत असाल, मंडप-केटरिंग असेल, तरी कायदा एकच, भारतीय करार कायदा १८७२, आणि तो १ सप्टेंबर १८७२ पासून लागू आहे.

सुरुवात नावापासून करा. समोर पाटी कसली आहे यापेक्षा कागदावर पार्टी कोण आहे ते महत्त्वाचं. "अमुक इंजिनिअरिंग वर्क्स" ही प्रोप्रायटरशिप असेल तर त्या नावाला वेगळं अस्तित्व नाही, पार्टी म्हणजे मालक स्वतः, त्यामुळं "अमुक वर्क्स तर्फे प्रोप्रायटर श्री. तमुक" असंच लिहायचं. भागीदारी असेल तर एका भागीदाराच्या धंद्यासाठीच्या सहीनं सगळे भागीदार बांधले जातात, आणि फर्म रजिस्टर नसेल तर करारावरून बाहेरच्या पार्टीवर दावा लावायलाच अडचण येते (भागीदारी कायदा १९३२, कलम ६९), तेव्हा तुम्ही स्वतः भागीदारीत असाल तर नोंदणी आधी करा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर पार्टी कंपनी असते, डायरेक्टर तिच्या वतीनं सही करतो, म्हणून सहीचा अधिकार देणाऱ्या बोर्डाच्या ठरावाची कॉपी मागून घ्यायची, मागायला लाजू नका.

आणि परचेस मॅनेजर? तो एजंट. त्याच्या शब्दानं कंपनी बांधली जाते आणि तो स्वतः सहसा अडकत नाही. म्हणजे "साहेबांनी मला तोंडी सांगितलंय, दर वाढवून देतो" याचा आधार घेऊन उद्या साहेबाच्या घरी पैसे मागायला जाता येत नाही, आणि कंपनी म्हणणार त्याला दर वाढवायचा अधिकारच नव्हता. कंपनीनंच त्याला पुढं करून अधिकार आहे असं भासवलं असेल तर कायदा तुमच्या बाजूनं येतो (करार कायदा, कलम २३७; इथून पुढं नुसतं कलम म्हटलं की याच कायद्याचं), पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याच दिवशी कंपनीच्या मेल आयडीवरून दोन ओळी मागवून घेतलेल्या बऱ्या.

आता मुख्य दोन पार्ट्या सोडून बाकीच्या सह्या. साक्षीदाराचं मघाशी सांगितलं, त्याच्यावर मजकुराची जबाबदारी येत नाही. पण जमिनीच्या कागदात "संमती देणार" किंवा "मान्यता देणार" अशी एक जागा असते, तिथं मात्र थांबा. आई, बहिणी, चुलती यांना गाडीत घालून आणतात, "नुसती सही हाय, बाकी काय नाही" असं सांगतात आणि त्या बिचाऱ्या सही करून जातात. त्या सहीचा अर्थ असा होतो की या व्यवहाराला माझी हरकत नाही, आणि नंतर स्वतःचा हिस्सा मागणं फार जड जातं. माझी हात जोडून विनंती आहे, घरातल्या बाईला अशी सही करायला सांगत असाल तर आधी तिला कागद पूर्ण वाचून दाखवा, आणि ताई, तुम्ही ती सही करणार असाल तर वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

जामीनदाराबद्दल जरा सविस्तर, कारण हे आमच्या घरात झालंय. वडलांनी मित्राच्या कर्जासाठी एका पतसंस्थेत सही केली होती. त्यांची समजूत अशी की मित्रानं नाहीच भरलं तर आधी त्याचं सगळं विकतील, मग राहिलेलं आपल्याकडं मागतील. तसं नसतं. कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलंय, धनकोनं (कर्ज देणाऱ्यानं) आधी कर्जदाराकडून वसुली संपवून मगच जामीनदाराकडं यावं असं बंधन नाही. आमच्याकडं सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि वडलांच्या पगारातून कपात चालू झाली, बहिणीचं लग्न त्याच वर्षी होतं. वडील कधी कुणाला बोलले नाहीत, पण तेव्हापासून मी "जामीनदार" हा शब्द टाईप करताना समोरच्या माणसाकडं बघतो आणि "काका, हे काय आहे माहिती आहे ना?" असं विचारतोच.

पण जामीनदाराला हक्क पण आहेत, ते कुणी सांगत नाही. जेवढं भराल तेवढं कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला मिळतो, धनकोकडं जे तारण होतं त्यावरचा हक्क पण तुमच्याकडं येतो. तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारातून तुम्ही मोकळे होता (कलम १३३), म्हणूनच छापील फॉर्ममध्ये "अटी बदलल्या तरी माझी हरकत नाही" असं बारीक अक्षरात आधीच घातलेलं असतं, ते वाचा. चालू खात्यासारख्या, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेल्या जामिनात पुढच्या व्यवहारांसाठी नोटीस देऊन जामीन मागं घेता येतो. आणि सही करायचीच असेल तर जबाबदारीला रकमेची मर्यादा लिहून घ्या, "जास्तीत जास्त इतके रुपये".

पार्ट्या ठरल्या की त्या पात्र आहेत का ते बघायचं. जुन्या दस्ताच्या शेवटी ते वाक्य असतं बघा, "राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता लिहून दिले असे." बऱ्याच जणांना ती नुसती पद्धत वाटते. पण करार कायद्याचं कलम १० ते १९ त्या एका ओळीत बसलंय. राजीखुशी म्हणजे मुक्त संमती, अक्कलहुशारी म्हणजे सही करताना आपण काय करतोय ते कळण्याइतकं भान, दडपण म्हणजे धमकी किंवा गैरवाजवी दबाव. वय १८ पूर्ण पाहिजे. अज्ञान (म्हणजे १८ पूर्ण नसलेल्या) माणसाशी केलेला करार मुळातच रद्द, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) मोहरी बीबी खटल्यात ठरवलंय आणि आजपण तेच चालतं, त्यामुळं बारावीतल्या पोराच्या नावावर धंद्याचा कागद करू नका. "वालीवारसांवर बंधनकारक" हे पण असंच, कलम ३७ प्रमाणं माणूस गेला तरी त्याचं वचन वारसांवर राहतं, अर्थात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, आणि काम त्याच्या स्वतःच्या हातच्या कौशल्याचं असेल तर ते तिथंच संपतं.

आता खरं काम. एक कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडं "मी काय करायचं" आणि उजवीकडं "त्यांनी काय करायचं". नवीन माणसाची उजवी बाजू नेहमी एका ओळीत संपते, "पैसे द्यायचे". इथंच नुकसान होतं. अहो, फाउंड्रीनं तुम्हाला कास्टिंग द्यायचंय, ड्रॉइंगची शेवटची दुरुस्ती झालेली कॉपी द्यायची आहे, माप तपासायचं गेज किंवा पार्ट धरायचं फिक्श्चर त्यांचं असेल तर ते द्यायचंय, पहिला पीस तपासून ओके द्यायचाय, तयार माल उचलायचाय आणि मग पैसे. ही सगळी त्यांची कर्तव्यं आहेत आणि यातली पहिली तीन झाल्याशिवाय तुमचं कर्तव्य सुरूच होत नाही. कायद्यात याला परस्पर वचनं म्हणतात, कलम ५१ ते ५४. समोरच्यानं आधी करायची गोष्ट केली नाही तर तो तुमच्याकडं कामाची मागणी करू शकत नाही, उलट तुमचं त्यात नुकसान झालं असेल तर ते त्यानं भरून द्यायचं. पण हा क्रम कागदावर पाहिजे. "कास्टिंग आणि मंजूर ड्रॉइंग मिळाल्यापासून १२ दिवसांत" आणि "२५ तारखेपर्यंत" या दोन ओळीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्या ओळीत त्यांनी कास्टिंग २३ तारखेला टाकलं तरी उशीर तुमच्याच नावावर बसल्यासारखा दिसतो आणि मग तुम्ही माल आल्याच्या चलनाच्या तारखा शोधत बसता.

रिजेक्शनचं पण तिथंच ठरवा. मशिनिंग करताना ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली पोकळी) निघाला तर चूक ओतकामाची, साईज चुकली तर तुमची, हे तोंडी सगळ्यांनाच मान्य असतं, पण ब्लोहोल निघेपर्यंत मशीनला गेलेला वेळ कुणाचा? लिहा. किती दिवसांत माल तपासून कळवायचं तेही लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी बिलातून कपात करून मेल येतो.

मुदतीबद्दल एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात कमी लोकांना माहिती आहे. करारात वेळ महत्त्वाची धरली असेल आणि समोरच्यानं उशीर केला, तर तुम्ही करार मोडू शकता. पण तुम्ही उशिरा आलेलं काम गप्प घेतलं, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही, घेतानाच कळवलं असेल तरच मागता येते. हे कलम ५५. तेव्हा माल उशिरा घेताना चलनावरच लिहायचं, "उशिरा मिळाला, भरपाईचा हक्क राखून स्वीकारला", आणि सही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी पुरावा म्हणून उपयोग होतो, फक्त चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या.

त्यांचा माल तुमच्या गाळ्यात आहे तोवर तुमची अजून एक भूमिका तयार होते. दुसऱ्याची वस्तू एका कामासाठी ताब्यात घेतली आणि काम झाल्यावर परत द्यायची, याला निक्षेप म्हणतात, सोनाराकडं दिलेला साज, शिंप्याकडं दिलेलं कापड, गॅरेजला लावलेली गाडी, सगळं यातच. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तुम्ही घ्यायची (कलम १५१). तेवढी घेतली आणि तरी नुकसान झालं तर तुम्ही जबाबदार नाही, वेगळं काही लिहून दिलं नसेल तर.

इथं आपल्याला पुराचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला पाणी आलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, ट्रक कित्येक दिवस जागेवर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे. आता समजा गोडाऊन नदीकडंच्या सखल भागात आहे, पाणी ३९ च्या वर गेल्याची बातमी सगळीकडं फिरली, आणि तुम्ही लोकांचा माल जमिनीवर तसाच ठेवला. मग "पूर आला, मी काय करणार" हे म्हणणं टिकायला अवघड, कारण साधारण शहाण्या कोल्हापूरकरानं तो माल वर उचलला असता. हलवला, फोटो काढले, मालकाला कळवलं, तर तुम्ही तुमचं कर्तव्य केलंय.

दुसरी बाजू, काम वेळेत झालं नाही त्याचं काय? कलम ५६ म्हणतं, करार झाल्यावर काम अशक्य झालं तर करार रद्द होतो, आणि सत्यव्रत घोष खटल्यात १९५३ साली सुप्रीम कोर्टानं अशक्य म्हणजे अगदी शब्दशः अशक्यच असं नाही, ज्या पायावर करार केला तो पायाच निघून गेला तरी चालतं असा अर्थ लावला. पण आठ दिवस रस्ता बंद म्हणजे अशक्य नव्हे. भाव वाढला, डिझेल महागलं हे तर नाहीच नाही. म्हणून या कलमावर विसंबू नका, स्वतःचं कलम लिहा. पूर, रस्ता बंद, लाईट बंद झाली तर किती दिवसांची मुदत आपोआप वाढणार, कुणी कुणाला किती तासांत कळवायचं, तीस दिवसांच्या वर गेलं तर दोघांना मोकळं होता येईल का, आणि ॲडव्हान्सचं काय. करार असा रद्द झाला तर घेतलेला ॲडव्हान्स परत करायचा असतो (कलम ६५), मंडप-केटरिंगवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा.

बिल दिलं नाही तर माल अडवून ठेवता येतो का, हे मला आठवड्याला एकदा तरी कुणी विचारतं. येतो, पण ज्या मालावर तुम्ही मेहनत केली तोच, त्याच्याच मजुरीसाठी, आणि काम ठरल्याप्रमाणं झालेलं असेल तर. मागच्या वर्षीच्या बिलासाठी आजचा माल नाही. आणि उधारी कबूल केली असेल तर तेही नाही, कायद्यातच कलम १७० खाली शिंप्याचं उदाहरण दिलंय, त्यानं तीन महिन्यांची उधारी कबूल केली म्हणून त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे "६० दिवस क्रेडिट" असं लिहिलं की हा हक्क गेला समजा.

पैशाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) ऑर्डर घ्यायच्या आधी करून ठेवा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं समोरच्यानं ठरलेल्या तारखेला, पण कितीही ठरवलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आणि तुम्ही स्वतः देणेकरी असाल तर पैसे पाठवताना कुठल्या बिलापोटी ते लिहा, नाही लिहिलं तर समोरचा ते जुन्या, मुदत गेलेल्या बाकीत पण जमा करू शकतो (कलम ६०).

करार मोडला तर काय मिळतं? कलम ७३ प्रमाणं त्या मोडण्यातून सहजपणे झालेलं नुकसान, किंवा करार करताना दोघांना आधीच माहिती असलेलं नुकसान. यामागचा खटला १८५४ चा इंग्लंडमधला, हॅडले विरुद्ध बॅक्सेन्डेल. गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडला, नमुना म्हणून तो दुसऱ्या गावी पाठवला, वाहतूकवाल्यानं उशीर केला, गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. बंद गिरणीचा नफा त्यांना मिळाला नाही, कारण शाफ्टविना गिरणी बंद पडणार हे वाहतूकवाल्याला माहितीच नव्हतं. आपल्या उद्यमनगरात हे रोज घडतं. तेव्हा तुमचं काही अडून राहणार असेल तर ऑर्डरमध्येच लिहा, "हा पार्ट वेळेत न मिळाल्यास आमचं मशीन बंद राहतं". आणि नुकसान होतंय दिसत असताना हातावर हात ठेवून बसायचं नाही, कमी करायचा प्रयत्न करायचा, नाहीतर तेवढी भरपाई कापली जाते.

"मोडल्यास ५ लाख दंड" असं लिहिलं म्हणून ५ लाख मिळत नाहीत. कलम ७४ मध्ये ती वरची मर्यादा आहे, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढं देतं. फतेहचंद खटल्यात १९६३ साली सुप्रीम कोर्टानं विकणाऱ्याला १,००० रुपयांचा इसार (सौदा पक्का करताना दिलेली रक्कम) ठेवू दिला, पण किमतीपोटी घेतलेले २४,००० जप्त करू दिले नाहीत. म्हणून पावतीवर इसार किती आणि किमतीपोटी किती हे वेगवेगळं लिहा.

कागद साध्या पानावर करू नका. स्टॅम्प कमी असेल तर तो कागद मुद्रांक शुल्क आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीच्या १०० च्या जागी ५०० चा स्टॅम्प लागतो. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. गाळा भाड्यानं घेतलाय तो लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची, केला नाही तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर तो उलट सिद्ध करत नाही.

आणि अडकलंच तर दिवस मोजा. करार मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, "देतो की, पळून जातोय का" असं ऐकत तीन वर्षं गेली की दाव्याचा हक्क गेला. समोरच्यानं मुदतीच्या आत बाकी मान्य असल्याचं सहीनिशी लिहून दिलं तर त्या तारखेपासून परत तीन वर्षं मिळतात, म्हणून दरवर्षी ३१ मार्चला बाकीची कबुली सही-शिक्क्यानिशी घ्यायची सवय लावा. नोटीस पाठवताना करारात लिहिलेल्या पत्त्यावरच पाठवा, पोचपावती आणि न स्वीकारता परत आलेलं पाकीट, दोन्ही जपून ठेवा, आणि ते पाकीट फोडू नका, ते तसंच बंद वकिलांकडं घेऊन या.